वचन हाती देताना: तुमचे अनुभव सांगा

तापीकाठ

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. धरणगावकडच्या एका मुलीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. पहिलटकरीण. अर्ध्या तासात ग्रुपवर गुलाबाच्या फुलांवर छापलेली बायबलमधली वचनं सुरू. त्यातली बरीचशी एकच, रोमकरांस पत्र ८:२८. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. खाली नमस्काराचे हात आणि 'आमेन'.

ती मुलगी त्याच ग्रुपमध्ये आहे. अंगावर दूध दाटलेलं असताना ती फोन उघडणार आणि तिला हे दिसणार, यानं मला झोप लागली नाही.

वचन खोटं नाही. मी स्वतः ते धरून जगले आहे. पण त्याच अध्यायात दोनच ओळी वर, ते पत्र लिहिणारा पौल म्हणतो की काय प्रार्थना करावी हेच आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी शब्दांत न मावणारे उसासे टाकतो. त्याच्याही वर सगळी सृष्टी कण्हते आहे असं आहे. म्हणजे पौल कण्हणाऱ्यांशी बोलतो आहे आणि त्यांचं कण्हणं ऐकून मग पुढचं बोलतो आहे. आपण कण्हणं वगळलं आणि कल्याण तेवढं कापून पाठवलं.

मला माझी आई आठवली. अमळनेरला होतो तेव्हा धाकटा भाऊ काविळीनं गेला. घरात माणसं मावेनात, आणि जो येईल तो काहीतरी सांगून जाई. देवाला चांगली फुलं आवडतात, तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे, दावीदाचंही लेकरू गेलं होतं. आई नुसती मान हलवायची. मग मिशनच्या कंपाउंडमधल्या म्हाताऱ्या बायबलबाई (घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या) आल्या. आम्ही त्यांना नानी म्हणायचो. काखेत बायबल होतं, ते त्यांनी कोनाड्यात ठेवलं आणि चुलीवर पाणी तापत घातलं. आईला न्हाऊ घातलं, केसांतला गुंता बोटांनी सोडवत बसल्या. आईला रडू फुटलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "रडी ले माय. मी आठेच शे." (रडून घे माय, मी इथेच आहे.)

रोज यायच्या. बरेच दिवसांनी एकदा विचारलं, "वाचू का थोडं?" आई हो म्हणाली. नानींनी तेरावं स्तोत्र काढलं. देवा, कुठवर? मला कायमचा विसरणार आहेस का? आई उठून बसली. म्हणाली, "असं बायबलात लिहिलंय? असं देवाला म्हणता येतं?" त्या दिवसापासून आई पुन्हा प्रार्थना करायला लागली.

तुमच्या आयुष्यात कोणी वचन कसं दिलं, कसं वापरलं, त्यानं काय झालं ते लिहा. चांगलं, वाईट, दोन्ही. ख्रिस्ती असाल नसाल तरी लिहा.

भुसावळ_लोको

ताई सकाळी सकाळी रडवलंत. ड्युटीवर निघालोय, थोडक्यात लिहितो.

बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत (२:१३). तोवर सोन्यासारखी माणसं. तोंड उघडल्यावर अध्यायामागून अध्याय वाद. आणि त्यांची वाक्यं सुटी काढून बघा, भिंतीवर लावावीत अशी आहेत! तरी शेवटी ४२:७ ला देव म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. नीट बोलला कोण, तर भांडणारा ईयोब.

वडील गेले तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारचे गार्डसाहेब रात्रभर ओट्यावर बसून होते. बिड्या ओढत. चर्चला क्वचित यायचे. वडिलांच्या आठवणीत मला त्यांचाच चेहरा आठवतो.

कळण्याची_भाकरी

किती छान लिहिलंय तापीकाठ ताई. नानींसारख्या बायका आता कुठे राहिल्या.
त्या मुलीला भेटायला कोणी गेलं का?

तापीकाठ

शनिवारी मी आणि माझी जाऊ जातोय. तिची आई तिथेच आहे.

शिरपूरची_लेक

मी लिहू की नको असं करत होते. लिहितेच.

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा मारायचा. दारू नाही, व्यसन नाही, दर रविवारी पुढच्या बाकावर. मारून झालं की इफिसकरांस पत्र पाचवा अध्याय बावीसावं वचन. स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. बहिणीनं दोन वडीलधाऱ्यांना सांगितलं. दोघांनीही तेच वचन वाचून तिला परत पाठवलं. एकानं वर सांगितलं की तू नम्र राहा म्हणजे तो जिंकला जाईल.

मग पाळक (चर्चचे धर्मगुरू) बदलून गेले, नवे आले. त्यांच्या मिसेस शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी बहिणीच्या दंडावरचा वळ बघितला आणि पाळकसाहेबांना घेऊन थेट घरी आल्या. मी तिथे होते. पाळकसाहेबांनी दाजींच्या हातात बायबल दिलं आणि म्हणाले, "तुम्हाला हा अध्याय पाठ आहे ना, मग मोठ्यानं वाचा. एकविसाव्यापासून." एकविसावं आहे, एकमेकांच्या अधीन असा. दाजींनी वाचलं. पंचविसावं, ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं तशी पतींनी पत्नीवर करावी. अठ्ठाविसावं, पत्नीवर प्रीती म्हणजे स्वतःच्या शरीरावर प्रीती. आवाज बारीक होत गेला. मग पेत्राचं पहिलं पत्र ३:७ वाचायला लावलं. बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. पाळकसाहेब म्हणाले, "तुमची प्रार्थना छतापर्यंतसुद्धा जात नसेल, विचार करा."

आणि ते तिथेच थांबले नाहीत, हे मला सांगायचंय. नुसतं दाजींना वचन ऐकवून बहिणीला त्या घरात सोडून गेले असते तर काय उपयोग होता? मॅडमनी त्याच दिवशी तिला आणि भाच्याला आमच्याकडे पोचवलं. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे अर्ज भरायला स्वतः सोबत बसल्या. मंडळीतले काही लोक पाळकसाहेबांवर नाराज झाले, घर मोडलं म्हणाले. ते म्हणाले, घर आधीच मोडलेलं होतं, मी फक्त दार उघडलं.

बहीण आज नर्स आहे. भाचा दहावीला.

निंबोणी

@शिरपूरची_लेक 🙏🙏 त्या मॅडमना माझा सलाम सांगा.

भुसावळ_लोको

प्रार्थनेला अडथळा येतो हे वचन लग्नाच्या उपासनेत वाचायला पाहिजे. आमच्याकडे वधूला मोठा उपदेश आणि वराला चार वाक्यं.

चोपडेकर

मी ख्रिस्ती नाही, वारकऱ्याच्या घरचा. ताईंनी लिहा म्हटलं म्हणून लिहितो.

वडील शेवटचे काही दिवस मिशनच्या दवाखान्यात होते. तिथे एक सिस्टर रात्रपाळीला असायच्या, नवापूरकडच्या, मावची बोलणाऱ्या. वडील रात्री झोप नाही म्हणून हरिपाठ म्हणायचे, आवाज नसल्यानं नुसते ओठ हलायचे. सिस्टर सलाइन बघायला आल्या की थांबायच्या, वडिलांचं होईपर्यंत मध्ये बोलायच्या नाहीत. एका रात्री वडीलच म्हणाले, "बाई, तुमचं बी काही असंल ना. म्हणा की." सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, चालेल का म्हणून. मी हो म्हणालो. त्यांनी ते मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं, पाठ होतं. वडील म्हणाले, "बरं वाटलं. उद्या परत म्हणा."

कोणी आम्हाला पुस्तक दिलं नाही, या म्हणून सांगितलं नाही. वडील गेले तेव्हा त्या सिस्टर ड्युटी संपवून स्मशानापर्यंत आल्या, बाहेर उभ्या राहिल्या. आमच्या घरात त्यांचं नाव आदरानं निघतं.

उलटा अनुभवही आहे. कॉलेजात एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीला वचन मारायचा. मारायचा हाच शब्द. तुम्ही नरकात जाणार वगैरे. त्याच्या बाजूला डबा खायला कोणी बसत नसे. मला त्याची दयाच यायची, त्याला कोणीतरी असंच शिकवलं असणार.

पाटणादेवी

चोपडेकर दादा, पेत्राच्या त्याच पत्रात ३:१५ ला आहे, तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. तुमच्या वडिलांनी विचारलं आणि सिस्टर तयार होत्या.

कळण्याची_भाकरी

विषयांतर करते, माफ करा. त्या मेंढपाळाच्या, तेविसाव्या स्तोत्रावरून आठवलं, 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' यातली आकडी कशी असते कोणी बघितली आहे का? संडे स्कूलच्या मुलांना दाखवायची आहे.

साक्रीचा_सर

आकडीवर मी लिहितो, माझा आवडता विषय आहे. जरा लांबेल.

आमच्या साक्री तालुक्यात ठेलारी लोक मेंढ्या घेऊन वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर असतात. मी शाळेत शिकवतो आणि रविवारी मंडळीत मुलांचा वर्ग घेतो. आधी तो वर्ग एक काका घ्यायचे, हातात वेताची छडी. वचन चुकलं की छडी, आणि छडी मारताना नीतिसूत्रे १३:२४. जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी. म्हणजे मूल मार खात होतं आणि सोबत ऐकत होतं की हे देवानंच सांगितलंय. दोन मुलांनी येणं सोडलं. एकाच्या आईनं सांगितलं की तो बायबल दिसलं की पलंगाखाली जातो.

वर्ग माझ्याकडे आल्यावर मी मुलांना घेऊन शेजारच्या शेतात बसलेल्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावर, गेलो. म्हातारे ठेलारी बाबा होते. त्यांना म्हटलं, बाबा, काठीनं काय काय करता ते पोरांना दाखवा. त्यांनी लांब बांबू घेतला, टोकाला लोखंडी आकडी. ती बाभळीच्या फांदीला अडकवली आणि झटका दिला, शेंगांचा सडा पडला, मेंढ्या धावल्या. मग आखूड काठी दाखवली. ही कुत्र्याला, लांडग्याला. ओढ्यात पाणी किती आहे ते बघायला, मेंढ्यांच्या आधी काठी पाण्यात जाते. रात्री मोजताना दारात आडवी धरायची, एकेक मेंढी काठीखालून जाऊ द्यायची, तेव्हा हात फिरवून जखम आहे का बघायचं.

एका पोरानं विचारलं, बाबा, मेंढी ऐकत नाही तेव्हा मारता का? बाबा म्हणाले, "मारी तर ती पळस. मंग लांडगाच्या तोंडी जास."

पोरं परत येताना चिडीचूप. पुढच्या रविवारी मी नीतिसूत्रांचं तेच वचन काढलं, टाळलं नाही. सोबत इफिसकरांस ६:४ काढलं, बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. शिस्त लागतेच, मी मास्तर आहे, मला माहीत आहे. पण ज्या पुस्तकात काठीनं धीर येतो असं लिहिलंय त्याच पुस्तकाच्या नावानं मूल भेदरत असेल तर चूक मुलाची नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारणं बंदच केलंय. मंडळीच्या वर्गाला वेगळा न्याय कशाला?

पलंगाखालचा मुलगा आता माझ्या वर्गात ढोलकी वाजवतो.

कळण्याची_भाकरी

सर!! खूप आभार. आमच्याकडेही वाडा बसतो फेब्रुवारीत, नक्की नेते मुलांना.

केळीवाला_रावेर

सर बाभूळशेंगा आता मिळतात कुठे, बांध सगळे साफ केले लोकांनी. मेंढपाळांचे हाल आहेत.

साक्रीचा_सर

खरंय भाऊ. बाबाही तेच म्हणत होते.

सरळ_बोलतो

सगळं वाचलं. माफ करा पण एक विचारतो. मग सत्य सांगायचंच नाही का? माणूस दुखावेल म्हणून पापाला पाप म्हणायचं नाही? आजकाल सगळीकडे गोड गोड चालू आहे. दुधारी तलवार म्हटलंय वचनाला (इब्री ४:१२).

तापीकाठ

दादा, सांगायचं. नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तेव्हा राजाच्या हातून व्यभिचार आणि खून झाला होता. नाथाननं आधी गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली, जे त्याच्या ताटातलं खायचं आणि कुशीत निजायचं. राजाचा स्वतःचाच न्याय जागा झाल्यावर मग म्हणाला, तो माणूस तूच (२ शमुवेल १२). आणि नाथान राजासमोर उभा होता, जीव धोक्यात घालून. आपण बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमजोर माणसाला सत्य सांगतो, हे मला खटकतं.

तलवारीचं म्हणाल तर ते वचन आपल्याच अंतःकरणातले विचार पारखण्याबद्दल आहे, असं मी वाचते.

सरळ_बोलतो

ते पटतं. पण माझं का दुखतं तेही ऐका. माझा सख्खा भाऊ दारूनं गेला. आमच्या मंडळीतले सगळे त्याच्याशी गोड होते. लग्नात, नाताळात, खांद्यावर हात टाकून 'प्रभू तुझ्यावर प्रीती करतो'. कोणीही समोर बसून म्हणालं नाही की बाबा रे, तू मरतोयस आणि तुझी पोरं उपाशी आहेत. मी एकटा म्हणायचो, माझं तो ऐकेना, कारण मी लहान. शेवटी एक रिटायर्ड पाळक आले. गलतीकरांस ६:१ प्रमाणे, सौम्यतेनं पण स्पष्ट. त्याला म्हणाले, उद्या सकाळी माझ्यासोबत व्यसनमुक्ती केंद्रात यायचं, मी रिक्षा घेऊन येतो. आले. तो केंद्रात गेलाही. पण लिव्हर संपलं होतं.

म्हणून म्हणतो, गप्प बसणं म्हणजे प्रेमच असतं असं नाही.

शिरपूरची_लेक

सरळ_बोलतो दादा, तुमचं दुःख कळलं. तुम्ही म्हणता ते माझ्या बहिणीच्या गोष्टीतही आहे, दाजींना गोड बोलणारे खूप होते.

भुसावळ_लोको

दादा, रिक्षा घेऊन येणारा पाळक! त्यांनी बोलले ते निभावलं.

तापीकाठ

हो दादा. तुमचं म्हणणं या धाग्यात हवंच होतं.

रानभेंडी

मूळचा नंदुरबारचा, सध्या पुण्यात आयटीत. मोबाइलवरून, चुका सांभाळून घ्या.

लॉकडाउननंतर मला झोप येईना, जेवण जाईना, जगावंसं वाटेना. घरून फोन आला की आई फिलिप्पैकरांस ४:६ म्हणायची, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. पुण्यातल्या एका प्रार्थना गटात सांगितलं तर म्हणाले चिंता म्हणजे अविश्वास, उपास कर. आधीच जेवत नव्हतो!

सुट्टीत घरी आलो. आमचे पाळकसाहेब आदिवासी मंडळीतले, साधा माणूस, मोटरसायकलवर पाड्या-पाड्यांत फिरणारा. त्यांच्या घरी बसलो. त्यांनी १ राजे १९ उघडलं. एलीया. एवढा मोठा संदेष्टा, रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, आता पुरे, माझा जीव घे. पाळकसाहेबांनी विचारलं, "देवानं त्याला काय सांगितलं असंल?" मी म्हटलं, विश्वास ठेव. ते म्हणाले, "वाच." देवदूत येतो, शिवून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो. पुन्हा ऊठ, खा, तुला वाट फार लांबची आहे. रागावणं नाही, उपदेश नाही.

मी तिथेच रडलो. त्यांच्या बायकोनं ताट वाढलं, वांग्याचं भरीत, भाकरी. दुसऱ्या दिवशी ते मला मानसोपचार डॉक्टरकडे घेऊन गेले, बाहेर बाकावर बसून राहिले. गोळ्या चालू झाल्या. आज बरा आहे.

चिंता करू नका हेही वचनच आहे, आता ते मला गोड लागतं. त्यावेळी आईच्या तोंडून ते ओझं वाटायचं. आईला दोष देत नाही, ती घाबरली होती.

कोणी अशा अवस्थेत वाचत असेल तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. लाजू नका.

निंबोणी

रानभेंडी बाळा, खूप मोठा हो. तुझ्या आईला सांग एका आईनं आशीर्वाद दिलाय.

कळण्याची_भाकरी

भरीत म्हटलं की मी हजर 😄 नंदुरबारकडे भरितात हिरव्या मिरच्या कुटून घालतात की भाजून?

रानभेंडी

ताई वांग्यासोबतच भाजून, मग बडगीत कुटून. वर कांद्याची पात. जेवायला या.

केळीवाला_रावेर

माझा अनुभव पैशाचा आहे.

एका वर्षी सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूनं बाग उपटावी लागली, पुढच्या वर्षी लावली तर जूनच्या वादळात निसवलेली केळी आडवी. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. तेव्हा बाहेरून एक वक्ते सभेला आले होते. सभेत मलाखी ३:१० काढलं, सगळा दशमांश भांडारात आणा म्हणजे आकाशाच्या खिडक्या उघडतील. मग नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही देवाचं बुडवलं असणार, म्हणून देवानं वारा सोडला. बायकोनं ते ऐकलं आणि गळ्यातलं विकून देऊ म्हणाली.

आमच्या आजोबांना रात्री सांगितलं. आजोबांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणाले, तोच अध्याय पाचव्या वचनापासून वाच. वाचलं. मजुराची मजुरी अडवून त्याला नाडणारे, विधवेवर, अनाथावर जुलूम करणारे, परक्याचा हक्क बुडवणारे, यांच्याविरुद्ध मी साक्ष देईन असं देव म्हणतो. आजोबा म्हणाले, "हे पण वाचलं का त्यानं सभेत?" नव्हतं वाचलं. "तुझ्या मजुरांचे पैसे दिलेस?" दिले होते, उसने घेऊन. "मग झोप आता."

सोनं विकलं नाही.

दुसरी गोष्ट. सगळे जण मला यिर्मया २९:११ पाठवायचे, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत. कॅलेंडरवर पण तेच. आजोबांनी तेही वरून वाचायला लावलं. ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना आहे. दहाव्या वचनात सत्तर वर्षं सांगितलीत! आणि पाचव्यात काय, तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. सातव्यात तर ज्या शहरात नेलं त्याच शहराचं भलं चिंतत राहा. मला तेव्हा बाग लावा हे फार लागलं. पीलबाग (जुन्या केळीच्या फुटव्यांवरची बाग) सोडून टिश्यू कल्चरची रोपं लावली. बाग आली. पण आली नसती तरी ते वचन माझ्यासाठी खरंच राहिलं असतं, कारण त्यात उद्याच पैसे मिळतील असं कुठे म्हटलेलंच नाही.

पाटणादेवी

केळीवाला भाऊ, आजोबा म्हणजे वाचकच खरे. एक भर घालते. बायबलाला मुळात अध्याय आणि वचनांचे आकडे नव्हतेच. अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांनी पाडले, नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ मध्ये दिले. शोधायला सोय म्हणून. पौलाचं पत्र आलं की अख्खं पत्र मंडळीत वाचून दाखवायचे. आपण फोनवर एक ओळ पाठवतो, तिच्या आधी कोण रडत होतं, कोण भुकेलं होतं, ते मागेच राहतं.

सैतानानंसुद्धा रानात येशूला वचनच दिलं होतं, एक्क्याण्णवावं स्तोत्र (लूक ४). भुकेलेल्या माणसाला उंचावर नेऊन उडी मार म्हणायला.

माझी आजी चाळीसगावची. तिच्याकडे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची जुनी प्रत होती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. त्या १९२२ मध्ये गेल्या, छापून झालं १९२४ मध्ये. आजी अक्षरावर बोट ठेवून वाचायची आणि शेजारणींना सांगायची. कोणाच्या घरी जायच्या आधी त्या घरात काय चाललंय ते विचारून घ्यायची. दुष्काळात एका घरी गेली तेव्हा पदरात ज्वारी बांधून नेली होती, कारण याकोबाच्या पत्रात आहे ना, उघड्या-उपाश्याला नुसतं 'सुखी राहा, ऊब घे' म्हटलं तर काय उपयोग (२:१६).

उंबरठा

याकोबाचाच दुसरा अध्याय पण वरून वाचा मग. सोन्याची अंगठीवाला आला तर चांगली जागा, फाटक्या कपड्याचा आला तर तू तिथे उभा राहा.

आमच्या मंडळीत सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न आडनाव आणि मूळचे कोण. वेदीवरून गलतीकरांस ३:२८, तुम्ही सर्व एकच आहात, आणि पोरीचं लग्न ठरताना वेगळंच. माझं ठरलेलं याच्यावरून मोडलं. तेव्हा मुलाच्या मामानं मला वचन दिलं, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर जू जोडू नका. मी जन्मापासून त्याच चर्चमध्ये आहे हो.

एवढंच. जास्त लिहवत नाही.

निंबोणी

उंबरठा, जवळ घेते तुला. काही लिहू नकोस, नुसती इथे ये-जा कर.

सरळ_बोलतो

ताई, हे पाप आहे आणि याला पापच म्हणायचं. तुमच्या मंडळीत कोणी म्हटलं नसेल तर मी म्हणतो.

उंबरठा

धन्यवाद दादा. पहिल्यांदाच कोणी म्हटलं.

नवापूर_मेमू

धागा मोठा झाला, आता वाचला. नवापूरच्या सिस्टरचा उल्लेख वाचून बरं वाटलं. कोणाला माहीत आहे का, आमच्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे?

भुसावळ_लोको

माहीत असायला काय, गाडी नेलीय तिथून. बाकाचा फोटो काढायला लोक उतरतात आणि गाडी सुटते 😀

नवापूर_मेमू

हो ना. बरं, विषयावर. आमच्याकडे नाताळात पाड्यावर भजनं रात्रभर चालतात, ख्रिस्ती नसलेली घरंही येतात, आणि त्यांच्या होळीला आम्ही पोलिसपाटलांसोबत व्यवस्थेला असतो. एकदा बाहेरच्या एका मुलानं पत्रक वाटलं, त्यात शेजाऱ्यांच्या देवांबद्दल वाईट लिहिलेलं होतं आणि खाली वचनं. आमच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी सगळी पत्रकं गोळा केली, स्वतः घरोघर जाऊन क्षमा मागितली. त्या मुलाला बसवून प्रेषितांची कृत्ये १७ वाचायला दिलं. पौल अथेन्सला गेला तेव्हा मूर्तींनी भरलेलं शहर बघून त्याचा जीव तळमळला, तरी बोलायला उभा राहिल्यावर पहिलं वाक्य काय, तर तुम्ही फार देवभोळे लोक आहात असं मला दिसतं. त्यांच्याच कवीची ओळ घेऊन पुढे बोलला. कारभारी म्हणाले, तू या गावात एक दिवस राहणार, आम्हाला इथंच मरायचंय, आणि खांदा द्यायला हेच येणार.

चोपडेकर

कारभाऱ्यांना माझा राम राम सांगा.

नवापूर_मेमू

सांगतो. ते तुम्हाला सलाम सांगतील.

पावसाळी_वाट

नवीन आयडी घेऊन लिहितेय. शिरपूरची_लेक ताई, तुमच्या बहिणीचं वाचलं. माझंही तसंच चालू आहे. माहेरी आई म्हणते सहन कर, वचनात आहे. दोन मुली आहेत. त्या मॅडम किंवा ते अधिकारी, कोणाशी बोलता येईल का? मी धुळे जिल्ह्यात आहे.

शिरपूरची_लेक

ताई, इथे गाव किंवा नाव लिहू नका, मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा. आज रात्री काही झालं तर १८१ महिला हेल्पलाइन किंवा ११२ लावा, थांबू नका. आधार कार्ड, मुलींचे दाखले आणि थोडे पैसे एका पिशवीत वेगळे ठेवा. संरक्षण अधिकारी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात असतात, अर्ज फुकट आहे. बहिणीशी आत्ताच बोलले, तिची सोमवारी सुट्टी आहे, ती तुमच्यासोबत येते म्हणाली.

पावसाळी_वाट

निरोप मिळाला. सोमवारी अकराला चालेल. मुली शाळेत असतात तेव्हा.